वेड्यांच्या खोक्यातलं पत्र

सॉल्टमिल बँडवर माहितीपट निघतो आहे, ही बातमी इंग्लंडमधल्या क्रॅडली हीथ गावात पोचली तेव्हा ज्याला त्याला आठवणी फुटल्या. चिप्सच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं म्हणे ड्रमरला कितीदा फुकट मासा खाऊ घातला होता. एका बाईला गायकानं १९६८ साली लग्नाची मागणी घातली होती, आणि दुसरीलाही त्याच आठवड्यात. एव्हरिल टँडी तेवढी गप्प होती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या या बाईनं त्या बँडच्या चाहत्यांचं मंडळ सात वर्षं चालवलं होतं. त्या चार पोरांबद्दल तिच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ही फिल्म निघूच नये असं वाटणारीही गावात ती एकटीच होती.

एव्हरिलचं अक्षर लहानपणापासून सुरेख. त्यासाठी अकराव्या वर्षी तिला चॅपलमध्ये बक्षीस मिळालं आणि सोळाव्या वर्षी साखळ्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात नोकरी. तिच्या आजीनं परसातल्या भट्टीवर आयुष्यभर साखळीच्या कड्या ठोकल्या होत्या. हात काळे न करता पगार घेणारी नात म्हणजे तिला कोण अभिमान! अक्षर माणसाला कुठे नेऊन सोडतं हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर आजीनं त्याला चिमट्यानं हाणलं असतं.

बँडही त्याच कारखान्यातला. चारांपैकी तिघं तिथे कामाला होती, आणि त्यांचं संगीत ऐकलं की ते कारखान्यातलं आहे हे सांगावं लागत नसे. गिटार वाजवायचा तो क्लाइव्ह हिंगली. उंच, लाजरा, केस डोळ्यांवर आलेले. पहिली तबकडी निघाली आणि पत्रांचा पूर आला, तेव्हा व्यवस्थापक डंकर्ली यानं मंडळ चालवायला कुणीतरी शोधा म्हणून फर्मान काढलं. क्लाइव्हच म्हणाला, एव्हरिलला सांगा, तिचं अक्षर चांगलं आहे.

मंडळ म्हणजे एव्हरिलच्या घरातली पुढची खोली, डंकर्लीनं बसवून दिलेला फोन आणि पोत्यानं येणारी पत्रं. जो कुणी तिकीट लावलेलं पाकीट धाडील, त्याला सही केलेला फोटो आणि चार ओळींचं उत्तर मिळेल, असं जाहीर केलेलं होतं. सह्यांसाठी पोरांना एकदाच बसवलं. चाळीस फोटो झाले, दोघं भांडले, चौघंही दारूच्या गुत्त्यावर गेले. डंकर्ली एव्हरिलला म्हणाला, तूच शिकून घे, या धंद्यात सगळीकडे असंच चालतं. ते खरंही होतं. तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पंधरा दिवसांत चार सह्या बसवल्या. क्लाइव्हची सर्वांत छान यायची. शाळेत कधी धड न लिहिलेल्या त्या पोराला तिनं ऐटदार, उजवीकडे झुकलेलं अक्षर दिलं. चाहते ते अक्षर चौकटीत लावत.

आलेल्या पत्रांत वेडेही असायचे. कुणी स्वतःला क्लाइव्हची बायको म्हणवायची, कुणाच्या स्वप्नात गायक येऊन हुकूम द्यायचा. काही तर खुद्द क्लाइव्ह असल्याचं सांगून पत्र लिहीत, मला कोंडून ठेवलंय, मंचावर दिसतो तो तोतया आहे, वगैरे. ही सगळी पत्रं एका बुटांच्या खोक्यात जात. त्यावर एव्हरिलनं लिहून ठेवलं होतं, 'वेडे'.

क्लाइव्हची आई, मिसेस हिंगली, दर शुक्रवारी दुपारी मदतीला यायची. पाकिटं चिकटवायची, चहा प्यायची, डुकराच्या तळलेल्या सालींची पुडी फोडायची आणि विचारायची, "आमच्या क्लाइव्हचं काही?" तिच्यासाठी कधीच काही नसायचं. पोरगा वाईट नव्हता, पण कागद-पेन्सिल दिसली की त्याच्या पोटात गोळा यायचा. हिंगलींच्या घरी फोन नव्हता, आणि क्लाइव्ह वर्षातले दहा महिने बाहेर.

१९७१ च्या नाताळाआधीच्या शुक्रवारी मिसेस हिंगलीच्या हाती स्टॉकपोर्टच्या कुण्या मुलीचं पाकीट लागलं. ते बंद करण्याआधी तिनं आतला कागद वाचला. 'तुझं पत्र वाचून बरं वाटलं, थंडीत जपून राहा, तुझा क्लाइव्ह.' तिनं तो कागद नीट घडी घालून परत ठेवला.

"हिला चार ओळी लिहायला वेळ आहे त्याला," ती म्हणाली, आणि पुढचं पाकीट चिकटवायला घेतलं.

आता सांगायला हवं होतं. अहो मिसेस हिंगली, हे मी लिहिलंय, तो कुणालाच लिहीत नाही. एवढं एक वाक्य. पण सह्यांची भानगड बाहेर कुणाला कळू द्यायची नाही ही डंकर्लीची सक्त ताकीद होती, आणि म्हातारीचा चेहरा बघवत नव्हता. पुढच्या शुक्रवारी बँडच्या ऑफिसातून आलेल्या मोठ्या पाकिटात मिसेस हिंगलीसाठी एक पत्र निघालं. ते वाचून ती रडली, हसली, आणि त्या दिवशी तिच्याकडून एकही पाकीट चिकटवून झालं नाही. एव्हरिलला इतकं बरं वाटलं की आपण काही चुकीचं करतोय हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

दोन वर्षांत अशी एकवीस पत्रं झाली. इथलं खाणं ठीक आहे, पण तुझ्या हातचं ब्रेड पुडिंग नाही. छातीचा खोकला कसा आहे? ग्लेनिसला म्हणावं, थंडीसाठी निळा कोट पाठवतोय. ग्लेनिस ही धाकटी बहीण, शाळेच्या स्वयंपाकघरात नुकतीच कामाला लागलेली. तो कोट एव्हरिलनं स्वतःच्या पैशांनी डडलीहून आणला. तिनं घडवलेला क्लाइव्ह खऱ्याहून शंभर पटींनी चांगला मुलगा होता. खरा क्लाइव्ह तोवर नशेच्या सुईच्या नादी लागला होता. वाजवताना उभा राही, पण वाजवून झाल्यावर त्याला दोघांनी धरून गाडीत घालावं लागे. ड्रायव्हरनं हे एव्हरिलला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, वय आहे, सुटेल. आणि त्या महिन्याच्या पत्रात तिनं त्याला रोज सकाळी फिरायला पाठवलं.

१९७३ चा नोव्हेंबर. बँड जर्मनीत होता. गुरुवारी, म्हणजे आपला वार नसताना, मिसेस हिंगली हातात पाकीट घेऊन आली. त्यावर जर्मन तिकीट होतं.

"हे बघ गं. आता वेड्यांना माझा पत्ताही मिळाला वाटतं."

"काय झालं?"

"क्लाइव्ह म्हणून लिहिलंय. पण हे काही आमच्या क्लाइव्हचं अक्षर नव्हे. आणि त्याचं पत्र ऑफिसच्या पाकिटातून येतं, टपालानं थोडंच येतं? वाचून जीव नुसता कासावीस झाला बघ. टाक तुझ्या खोक्यात."

एव्हरिलनं कागद उघडला. हॉटेलच्या धोब्याच्या यादीची मागची बाजू. पेन्सिलीनं काढलेली, वरखाली पळणारी, वाकडी मोठी अक्षरं. हे अक्षर गावात दुसऱ्या कुणीही ओळखलं नसतं, पण एव्हरिल चार वर्षं त्याच अक्षराला वळण लावत आली होती. ते खऱ्या क्लाइव्हचं होतं.

'आई, मला न्यायला कुणाला तरी पाठव. मी फार आजारी आहे आणि ही माणसं आणखी एक खेळ, आणखी एक खेळ करतात. एकट्याला निघवत नाही. ग्लेनिसला पाठव, ती कुणाचं ऐकायची नाही. सोमवारपर्यंत हॅनोव्हरला आहे. मी लिहीत नाही म्हणून रागावू नको.'

शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचलं. मी लिहीत नाही म्हणून.

समोर मिसेस हिंगली हातमोजे काढून चहाची वाट बघत बसली होती. हे खरं आहे म्हणावं, तर ती एकवीस कुणाची, हे सांगणं आलं. एव्हरिलला भीती वाटली. डंकर्लीची नाही, या बाईच्या तोंडाकडे तेव्हा बघावं लागेल, याची. आणि शुक्रवार संपतील, याचीही.

"वेडेच हो," ती म्हणाली. "तुम्ही नका लक्ष देऊ. मी बघते."

म्हातारी गेल्यावर तिनं फोन फिरवून डंकर्लीला हॅनोव्हरच्या हॉटेलात गाठलं. तो हसला. म्हणाला, झोप नीट झाली नाही की तो असलं लिहितो, आठवडाभरात घरीच येतोय, म्हातारीला उगाच घाबरवू नकोस. एव्हरिलला हेच ऐकायचं होतं, म्हणून तिनं ते खरं मानलं. शुक्रवारी मिसेस हिंगली नेहमीसारखी आली, दोघींनी दोनशे पाकिटं बंद केली. शनिवार गेला. रविवार गेला. सोमवारी दुपारी डंकर्लीचा फोन आला आणि क्लाइव्ह गेल्याचं त्याच्या आईला सांगायचं काम एव्हरिलवर सोपवून तो मोकळा झाला.

दफनाला सगळं गाव लोटलं. मिसेस हिंगली येईल त्याला सांगत होती, दर महिन्याला लिहायचा हो मला, एक महिना चुकला नाही. बायका म्हणायच्या, असा मुलगा मिळायला नशीब लागतं. कबरीच्या दगडावर काय कोरायचं म्हणून दगडवाल्यानं विचारलं, तेव्हा तिनं नववं पत्र काढून दिलं आणि म्हणाली, त्याची सही कोरा, आहे तश्शी. एव्हरिल तिच्या शेजारीच उभी होती. आजही लांबून येणारे चाहते त्या सहीवरून बोट फिरवून जातात. दफनानंतर महिन्याभरात डंकर्लीनं दोनशे फोटो पाठवले. मागणी फार होती. त्या दोनशे फोटोंवरही मेलेल्या क्लाइव्हनं सह्या केल्या. एव्हरिलनं त्या करायला नाही म्हटलं असतं तर आज मला तिच्याविषयी लिहिताना थोडं सोपं गेलं असतं. तिनं नाही म्हटलं नाही.

मंडळ तिनं १९७६ ला सोडलं. लग्न झालं, नवरा गेला, कारखाना पाडून तिथे सुपरमार्केट आलं. हॅनोव्हरहून आलेलं ते पत्र बिस्किटांच्या डब्यात होतं. ते जाळावं असं वाटायचं, पण हात धजायचा नाही. मिसेस हिंगली १९८८ साली गेली; पत्रांचा गठ्ठा शेवटपर्यंत तिच्या उशाखाली होता.

आणि आता ही फिल्म. ती काढणारी इमोजेन लंडनची, आल्या आल्या एव्हरिल म्हणून हाक मारणारी. तिनं एव्हरिलची जुनी पत्रकं, फोटो, मंडळाचे बिल्ले यांचं दिवसभर चित्रण केलं. जाताना आनंदानं सांगू लागली की फिल्मचा जीव तिला सापडला आहे. क्लाइव्हनं आईला लिहिलेली पत्रं! ग्लेनिसकडे जपून ठेवलेली आहेत, गुरुवारी चॅपलच्या सभागृहात ती स्वतः वाचणार आहे. लोक त्याला नशेबाज म्हणून ओळखतात, आता त्यातला मुलगा दिसेल.

"तुम्ही खात्री केलीत का?" एव्हरिलनं विचारलं. "म्हणजे, त्याचीच आहेत याची?"

"तज्ज्ञाकडून तपासून घेतलीत ना. सही केलेल्या बारा फोटोंशी ताडून पाहिली. शंभर टक्के तोच हात."

एव्हरिलला हसू आलं. शंभर टक्के तोच हात होता, यात काय शंका. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात; इथे कोंबडं झाकून अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती, आणि अजून उजाडत नव्हतं. उलट परवा तो अंधार सगळ्या देशाला दाखवण्यासाठी टिपून घेणार होते. त्या रात्री तिनं ठरवलं की आता बास, सांगून टाकायचं. पण आधी ग्लेनिसला.

बुधवारी दुपारी ती डबा घेऊन ग्लेनिसच्या दारात उभी राहिली. ग्लेनिस सदुसष्ट वर्षांची, गुडघ्यांनी बेजार, पण तोंड तसंच.

"ये गं. बिस्किटं घेऊन आलीस? माझ्या घरी काय दुष्काळ पडलाय?"

एव्हरिलनं चहाला हात लावला नाही. तिनं सगळं सांगितलं. स्टॉकपोर्टच्या मुलीपासून डंकर्लीच्या हसण्यापर्यंत. मग डबा उघडून कागद पुढे केला. ग्लेनिसनं चष्मा बदलला. एवढ्याशा कागदाला तिला फार वेळ लागला.

"यात माझं नाव आहे," ती म्हणाली.

"हो."

"माझ्याकडे पासपोर्ट होता. उन्हाळ्यात स्पेनला गेले होते मुलींबरोबर. आगगाडी आणि बोट, दीड दिवसाचा रस्ता. गुरुवारी निघाले असते तर शनिवारी मी त्याच्या दारात असते."

"हो, ग्लेनिस."

"नुसतं हो हो करू नकोस." तिनं कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर पंजा पालथा घातला. "आणि कोट?"

"तोही मीच घेतला होता."

"त्याच्या मातीला मी तोच घालून गेले. भावानं दिलाय म्हणून."

मग एव्हरिल म्हणाली की उद्या कॅमेऱ्यासमोर ती हे सगळं सांगणार आहे, लोकांना तिला काय म्हणायचं ते म्हणू दे, तिला आता हे सोसवत नाही.

"काय सांगशील?" ग्लेनिसचा आवाज चढला नव्हता. "त्यानं आईला हाक मारली, आणि आईनं ते पत्र वेड्याचं म्हणून आपल्या हातानं तुला आणून दिलं, हे सांगशील?"

"तिचं नाव मी येऊ देणार नाही."

"कसं नाही येणार? पत्र तुझ्याकडे आलं कसं, हे विचारतीलच की. सगळी दुनिया म्हणेल, आईला पोराचं अक्षर ओळखता आलं नाही. ती पंधरा वर्षं त्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून झोपली, एव्हरिल. ती त्या मुलाची आई म्हणून मेली. ते मी तिच्याकडून काढून घेऊ?"

एव्हरिल रडू लागली. ग्लेनिसनं तिला रुमाल दिला नाही.

"तुला हलकं व्हायचंय," ग्लेनिस म्हणाली. "इतकी वर्षं वाहिलंस, आता माझ्या दारात टाकून मोकळी होणार. पत्र राहू दे इथे, ते माझं आहे. पण तू मोकळी होणार नाहीस. उद्या मी ती एकवीस पत्रं घेऊन वाचायला बसणार, आणि तू समोर बसून ऐकायचं. फिल्म लागेल तेव्हाही माझ्या शेजारी बसायचं. जन्मात कुणाला सांगायचं नाही."

"ग्लेनिस, असं नको."

"मग त्याला काय झालं असेल तिथे? चार दिवस? दार वाजलं की ग्लेनिस आली असं वाटलं असेल ना त्याला?"

एव्हरिल रिकामा डबा घेऊन घरी आली.

गुरुवारी सभागृहात दिवे लागले. ग्लेनिस ताठ बसली आणि एकवीसपैकी सहा पत्रं तिनं वाचली. ब्रेड पुडिंगच्या वाक्याला तिचा आवाज फाटला. इमोजेननं डोळे पुसले, कॅमेरेवाल्यानंही. भावासाठी रडते आहे असं सगळ्यांना वाटलं, आणि ते खरंच होतं. कोटाचं पत्र वाचताना तेवढी ती कागदावरून मान वर करून समोर बघत राहिली. तिथे एव्हरिल बसली होती.

मेमध्ये फिल्म गावच्या सभागृहात दाखवली. जुने शर्ट पोटावर ताणून आलेले म्हातारे, त्यांची मुलं, नातवंडं. बसायला जागा उरली नाही. ग्लेनिसनं पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. दीड तास पडद्यावर गाणी झाली, भांडणं झाली, डंकर्लीविषयी बरं बोलून झालं. तो मेला होता. शेवटी कॅमेरा कबरस्तानात गेला. पावसानं ओला झालेला दगड, कुण्या पोरीचं बोट सहीवरून सावकाश फिरणारं. मग सगळं काळं झालं, आणि काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत तेवढी सही उरली, भिंतभर मोठी, उजवीकडे झुकलेली.

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मागे कुणीतरी ढसाढसा रडत होतं. एव्हरिल खुर्चीला खिळून बसली होती. ती सही एवढी मोठी तिनं कधी पाहिली नव्हती, आणि त्यातला हात कुठे उचलला, कुठे दाबला, सारं तिला दिसत होतं. ग्लेनिस काठीवर भार देऊन उठली. तिचा एक हात कोटाच्या खिशात होता. खिशातून धोब्याच्या यादीचा पिवळा कोपरा जरासा वर आला होता. ती एव्हरिलच्या कानाशी वाकली.

"ऊठ," ती म्हणाली. "सगळे उभे आहेत."

एव्हरिल उठली आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागली.